उधाणाची सुट्टी

जिल्ह्याच्या स्कूल बोर्डापुढे एका गावाच्या शाळेची बाजू मांडण्यासाठी मी गेलो होतो, आणि ती न मांडताच परत आलो. गावात येऊन मात्र मी सांगितले की मी सारे बोललो, बोर्डाने ऐकले नाही. शाळा बंद झाली. दोष बोर्डाच्या पदरी पडला आणि उपकाराचा मान माझ्याकडे आला. तो मान मी नाकारला नाही. आज पन्नाशी उलटली, नोकरी संपत आली, आणि हे मी प्रथमच कागदावर उतरवत आहे. तोंडाने ते एकदाच, फार उशिरा सांगितले.

मी पनवेलचा. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा युद्ध चालू होते. माझी पहिली नेमणूक पनवेलच्या पश्चिमेला, खाडीच्या काठी वसलेल्या एका लहान गावात झाली. सारी वस्ती आगऱ्यांची. पावसाळ्यात खारजमिनीतले भात आणि दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत मिठागर, असे त्यांचे वर्ष असे. शाळेची इमारत बोर्डाची नव्हती, गावाने ती स्वतः उभी केली होती. दगड भरतीच्या पाण्यावर होड्यांतून आले होते, कौले पनवेलच्या बंदरातून डोक्यावर वाहून नेली होती, भिंती बायकांनी लिंपल्या होत्या. बोर्डाने दिले होते ते एक मास्तर, एक फळा, एक घंटा आणि हजेरीपट. शेतसारा भरताना गावकरी लोकल फंडाचा करही भरत. तो थेट जिल्ह्याला जाई. त्यातून गावाकडे परत काय येते, हे विचारण्याची रीत नव्हती.

त्या गावात मी थोडीच वर्षे होतो. नंतर माझी बदली पनवेलच्या मोठ्या शाळेत झाली. परंतु गावाने मला सोडले नाही. सणावारी निरोप येत, मुलांची नावे ठेवताना मला विचारीत. गावात ज्याच्या शब्दाला वजन होते असा एक मिठागरवाला होता. त्याला सारे बाबा म्हणत. मला तो पहिल्या दिवसापासून म्हातारा वाटत आला. आता हिशेब करतो तेव्हा लक्षात येते की त्या वेळी तो माझ्या आजच्या वयाचाच असावा. त्याची नात शाळेत होती. दुसरीतच ती तिसरीचे पुस्तक वाची, आणि वाचताना पायाच्या अंगठ्याने जमिनीवर अक्षरे काढी.

आता जे सांगायचे ते उधाणाचे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे खाडीला मोठी भरती येते. मिठागराला पाणी घ्यायचे ते तेव्हाच. बांधातली उघाडी उघडून पाणी आत सोडायचे, आणि त्याच वेळी बांध फुटणार नाही याची राखण करायची. कुठे खांड पडली तर वर्षभराची मेहनत एका भरतीत वाहून जाते. त्या दिवसांत घरात कोणी राहत नसे. मोठी माणसे चिखलात उभी राहत आणि मुले चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत. शाळेत मी आणि फळा एवढेच उरत असू. पुढे रविवारी बोर्डाच्या नियमाने शाळा बंद असे, आणि तीच मुले दिवसभर बांधावर रिकामी हिंडत.

माझ्यानंतर आलेल्या मास्तरांच्या काळात, स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन-तीन वर्षांनी, तपासणीसाहेब नेमके उधाणाच्या दिवशी आले. शाळा ओस होती. महिनाभराने बोर्डाकडून कळवण्यात आले की हजेरी समाधानकारक नसल्याने ही शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत घालण्याचा विचार आहे. दुसरी शाळा म्हणजे खाडीच्या पलीकडे. तिथे भरतीच्या वेळी होडीशिवाय जाता येत नसे.

गावाने मला बोलावले. शाळेच्या ओट्यावर बैठक झाली.

"मास्तर, खाडी काय रविवार पालते?" बाबा म्हणाला. "आमचा रविवार चंद्रावर हाय. रविवारी शाला भरवा, आन उधानाला बंद ठेवा. पोरां सगली येतील."

एक तरुण मागून ओरडला, "त्या साहेबालाच बोलवा उधानाला! बांधावर उभा करू, हजेरी आमी घेतो त्याची!"

हशा पिकला. बाबाही हसला, पण लगेच गंभीर झाला. "शाला आमी बांदली. घंटा पन आमाला वाजवू द्या. दर साल लोकल फंड भरतो, त्यातलं थोडं कौलांसाठी गावात ठेवा. यापरीस जास्त मागनं नाय." मग नातीला पुढे ओढून म्हणाला, "हिला मास्तरीन करायची हाय. मंग आमच्या शालेला आमचीच मास्तरीन. उधान बघून घंटा देईल."

मुलगी लाजून खांबामागे गेली. बाबाची मागणी किती साधी आणि किती शहाणपणाची होती, हे मला त्या क्षणी पुरते समजले होते. म्हणूनच पुढच्या गोष्टीला अज्ञानाचे पांघरूण घालता येत नाही.

अर्ज मी लिहिला. चांगल्या, शुद्ध, दरबारी मराठीत लिहिला. त्यात म्हटले की अमावास्या व पौर्णिमा आणि त्यांच्या लगतच्या दिवशी शाळेस सुट्टी असावी, त्याऐवजी रविवारी शाळा भरेल, आणि सुट्ट्यांचा निर्णय गावच्या समितीकडे द्यावा. भरती, उधाण, मिठागर हे शब्द अर्जात कुठेच आले नाहीत. खाडीच्या जिल्ह्यात हे का लिहून सांगायचे, असे मला वाटले. खरे तर ते शब्द माझ्या दरबारी भाषेत नीट बसत नव्हते. तोंडी सांगू, असे मी मनाशी म्हटले.

ठरल्या दिवशी बाबा आणि मी एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी निघालो. वाटेत कर्नाळ्याची खिंड आली. किल्ल्याचा सुळका दिसला तेव्हा त्याने हात जोडले आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमचा आवाज बारीक हाय. आज जरा मोठ्यानं बोला."

बोर्डाच्या कचेरीत माझा एक बालमित्र कारकून होता. पनवेलच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घराण्यातला. त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी, त्यांच्या धर्माच्या विश्रांतीच्या वारी, बंद असे, म्हणून पंचक्रोशीत त्यांना शनवार तेली म्हणत. मी त्याला आमचे काम सांगितले तेव्हा तो इतक्या मोठ्याने हसला की शेजारचे कारकून वळून पाहू लागले.

"अरे, यात अवघड काय आहे? माझ्या आजोबांचं सांग त्यांना. घाणा शनिवारी बंद. म्हणून गावाला कधी तेल कमी पडलं का? सुट्टीचा वार काही देवाने ठरवलेला नाही." मग डोळे मिचकावून म्हणाला, "म्हणजे ठरवला, पण शनिवार ठरवला! सरकारचा घाणा मात्र शनिवारी मीच ओढतो." आणि जाता जाता त्याने खरा मुद्दा हाती दिला. "शेतकऱ्याच्या पोरांना सुगीची सुट्टी देतोच ना आपण? मग मिठाच्या पोरांना उधाणाची. एका वाक्यात सांग. जास्त बोलायला लागलास की तू अडखळतोस."

आत एकालाच प्रवेश होता. बाबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला.

बोर्डाचे अध्यक्ष दुष्ट नव्हते. ते सभ्य, वाचलेले, स्वच्छ धोतरातले वकील होते आणि त्यांनी मला बसायला सांगितले. कोपऱ्यात माझा मित्र सभेचे टिपण घेत होता. अध्यक्षांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले,

"गुरुजी, स्वातंत्र्य येऊन अजून नीट स्थिरावलं नाही, आणि तुम्ही आम्हांला पुन्हा पंतोजींचे अनध्याय पाळायला सांगता? अमावास्येला विद्या बाटते की काय?"

सभासद हसले. एक जण म्हणाला, "ग्रहणाचीही मागून घ्या. सुतकाची तर राहिलीच!" पुन्हा हशा.

मला सारे कळले. माझ्याच अर्जामुळे त्यांची समजूत झाली होती की गाव तिथी पाळण्यासाठी सुट्टी मागते आहे. ती दूर करायला एक वाक्य पुरे होते. ते वाक्य माझ्या जिभेवर होते. मित्राने लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले. अध्यक्षही थांबले होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे अनेक वर्षे मी स्वतःला सांगत असे की मला संधीच मिळाली नाही. ते म्हणाले, "बोला, तुमचं काय म्हणणं आहे?"

मी हसलो. त्यांच्या हसण्यात माझे हसू मिसळले. आणि मी म्हणालो, "लोकांच्या समजुती आहेत, साहेब. हळूहळू बदलतील."

"शाब्बास," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनीच हे करायचं."

पुढचा विषय निघाला. शाळा बंद करण्याचा निर्णय कोणी आवाज न चढवता झाला.

मी असे का केले, याचा विचार मी इतका केला आहे की आता त्या विचाराचीही लाज वाटते. पुढे मला मुख्याध्यापकपद मिळाले, आणि पुष्कळ दिवस मी स्वतःवर लोभाचा आरोप ठेवला. तो खरा असता तर एक प्रकारे बरे झाले असते, लोभाला निदान काही हेतू असतो. त्या खोलीत मला काहीच मिळवायचे नव्हते. त्या स्वच्छ धोतरांच्या माणसांनी मला आपल्यातला समजावे, चिखलातल्या माणसांतला समजू नये, एवढेच होते. तेवढ्यासाठी मी एका गावाला अंधश्रद्ध ठरवले. आणि त्या गावातला सर्वांत शहाणा माणूस दाराबाहेर बसलेला होता.

मी बाहेर आलो. बाबा उठून उभा राहिला.

"आत हसू आलं ते कशाचं, मास्तर?"

"दुसऱ्याच एका कामावर हसत होते."

"मंग बरं. हसती मानसं काम करतात." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर आशा होती. "काय बोलले?"

"नाही म्हणाले, बाबा. मी सगळं सांगितलं. त्यांना ऐकायचंच नाही."

मी मान खाली घालून उभा होतो. त्याला वाटले मला दुःख झाले आहे. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमी तरी बोल्लात. आमच्यातून कोन बोलनार व्हता?" मग धडुत्यात बांधून आणलेली तांदळाची भाकरी अर्धी मोडून त्याने माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली. परतीच्या वाटेवर कर्नाळ्याचा सुळका आला तेव्हा त्याने पुन्हा हात जोडले.

पावसाआधी बोर्डाची गाडी आली आणि फळा, घंटा आणि हजेरीपट घेऊन गेली. इमारत गावाची असल्याने जागेवर राहिली. पलीकडच्या शाळेत सुरुवातीला काही मुले होडीने गेली, मग भरतीची वेळ आणि शाळेची वेळ यांचा मेळ बसेना. एकेक करून सारी थांबली. बाबाची नात सर्वांत शेवटी थांबली. पुढच्या हंगामात शाळेत मिठाची पोती रचली जाऊ लागली. मिठाला ओल सुटते. लिंपण खालून वर खाल्ले जाऊ लागले आणि भिंतींचे पोपडे पडू लागले.

त्या गावात एक रीत होती. हंगामाचे पहिले मीठ ओढले की पहिली पाटी गावदेवीला जाई आणि दुसरी ज्याचे गावावर उपकार असतील त्याला. त्या वर्षापासून दुसरी पाटी माझ्या घरी येऊ लागली. बाबा स्वतः ती घेऊन पनवेलपर्यंत चालत येई. मिठाविषयी मराठीत जी म्हण आहे ती मी इथे लिहीत नाही. माझ्या पत्नीला त्या मिठाचे मोठे कौतुक. ती पाहुण्यांना सांगे, "हे मीठ बाजारातलं नाही, हे यांच्या मानाचं." आमच्याकडे पान वाढताना आधी मीठ वाढतात. वर्षानुवर्षे माझ्या ताटात सर्वांत आधी माझे खोटे वाढले जात होते. मी ते बोटाने कडेला सारी, पण भाजी-आमटीतून ते कुठे सारणार?

एकदा मी पत्नीला म्हणालो की यापुढे दुकानातले बारीक मीठ आणू. तिने कारण विचारले. मी म्हणालो, खडे दातांखाली येतात. तिने मीठ कुटायला सुरुवात केली.

काही वर्षांनी माझा कारकून मित्र सहकुटुंब इस्रायलला जायला निघाला. पनवेलची ती घरे एकामागून एक रिकामी होत होती. निरोप घ्यायला मी गेलो तेव्हा तो ट्रंकेवर बसला होता. नेहमीसारखा हसला नाही.

"तू गप्प बसलास ते मी समजू शकतो," तो म्हणाला. "मीही तिथेच होतो. मीही बोललो नाही, हातात लेखणी होती म्हणून सुटलो. पण त्या म्हाताऱ्याला तू काय सांगितलंस ते मला परवा बाजारात कळलं. त्यानेच सांगितलं, अभिमानाने. म्हणाला, आमच्या मास्तरांनी बोर्डाशी भांडण केलं. अरे, निदान खोटं तरी सांगायचं नव्हतंस."

मी म्हणालो, "आता सांगून काय होणार?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "पण आता मी चाललो. तुला पकडणारा पनवेलमध्ये कोणी उरला नाही. मला त्याचंच वाईट वाटतं."

तो गेला, आणि मला सुटल्यासारखे वाटले. हेही नोंदवले पाहिजे.

मग स्कूल बोर्ड गेले आणि जिल्हा परिषद आली. लोकांच्या हाती कारभार आला अशी भाषणे झाली. त्या गावाने पुन्हा शाळा मागितली. परिषदेचे एक अधिकारी येणार होते. गावच्या पंचायतीने मलाही बोलावले, जुना लढवय्या म्हणून.

सभा त्याच जुन्या शाळेसमोर भरली. कौले गेली होती. आतल्या भिंती कमरेपर्यंत खाल्लेल्या होत्या. अधिकारी तरुण आणि नम्र होता. त्याने समजावून सांगितले की पटसंख्या दाखवावी लागेल, इमारत गावाने बांधून द्यावी लागेल, मग शिक्षकाचा विचार होईल. गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. "एकदा बांदली व्हती," कोणीतरी म्हणाले. जी मुले तेव्हा शाळेत होती ती आता बाप झाली होती. ती मागे उभी होती. त्यांच्यापैकी कोणी हसत नव्हते, कोणी टोमणाही मारत नव्हते.

बाबा पुढे बसला होता. त्याला जवळजवळ ऐकू येईनासे झाले होते. शेजारी त्याची नात बसली होती, मांडीवर मूल, हातांना मिठाने पडलेल्या चिरा. जो बोलेल त्याचे बोलणे ती बाबाच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने पुन्हा सांगे.

अधिकाऱ्याचे बोलणे संपल्यावर बाबाने विचारले, "उधानाची सुट्टी देतील काय?"

अधिकाऱ्याला प्रश्नच कळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. आणि सरपंच उठून म्हणाले, "मास्तरांना इचारा. त्या वक्ताला आमच्यासाठी बोर्डाशी भांडनारे हेच."

मी उठलो. अधिकाऱ्याला उधाण म्हणजे काय ते सांगितले. सुगीच्या सुट्टीचे सांगितले, शनिवारच्या घाण्याचे सांगितले. इतक्या वर्षांनी ते वाक्य सहज आले, एकदाही अडखळलो नाही. अधिकारी म्हणाला, "बरोबर आहे. पण रविवार हा सगळ्या जिल्ह्याला एकच आहे, गुरुजी." त्याने वहीत काही लिहिलेही नाही. ते वाक्य मी योग्य वेळी बोललो असतो तरी कदाचित हेच झाले असते. हा विचार मला तिथेच आला, आणि त्याने मला जराही हलके केले नाही.

नातीने माझे बोलणे बाबाच्या कानात सांगितले. बाबा मान डोलावत होता. "तवा पन आसंच बोल्ले व्हते," तो शेजाऱ्याला म्हणाला. "बोर्डानं आयकलं नाय."

मी बाबासमोर जाऊन जमिनीवर बसलो. म्हणालो, "बाबा, मला तुम्हांला काही सांगायचं आहे." माझा आवाज नेहमीसारखाच होता. त्याने कानामागे हात धरला आणि नातीकडे वळला. ती सवयीने माझ्याकडे झुकली, माझे शब्द घेऊन त्याला द्यायला. तिच्या डोळ्यांत मला खांबामागे जाणारी ती मुलगी दिसली. माझा गुन्हा मी तिच्या तोंडून सांगवणार होतो.

"नको, बाय," मी म्हणालो. "हे तू सांगू नकोस."

मी पुन्हा बोललो. बाबा म्हणाला, "मोठ्यानं बोला, मास्तर. ऐकू नाय येत." मी आणखी मोठ्याने बोललो. त्याने पुन्हा मान हलवली. तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरले, आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतक्या मोठ्याने ओरडलो:

"बाबा, त्या दिवशी मी बोललो नाही! ते तुम्हांलाच हसत होते, आणि मीही हसलो! उधाणाचं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही! बाहेर येऊन मी तुमच्याशी खोटं बोललो! शाळा मी घालवली, बाबा! तुमच्या नातीची शाळा मी घालवली! मला क्षमा करा!"